टाके, पैसा आणि दोर : मावळातील स्वयंसेवेचा छोटा इतिहास

स्नेहमेळाव्याच्या या स्मरणिकेत सरांच्या, बाईंच्या आणि पावसात भिजलेल्या दप्तरांच्या आठवणी भरपूर येतील, याची मला खात्री आहे. म्हणून मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या मावळात माणसे एकमेकांच्या उपयोगी कशी पडत आली आणि आज त्या कामात आपल्याला कुठे जागा आहे, हे सांगण्याचा हा प्रयत्न. मी इतिहासाची अभ्यासक नाही. पदवी अभियांत्रिकीची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. पण एखादे काम वर्षानुवर्षे चालते ते कशाच्या आधारावर, हे पाहण्याची सवय या नोकरीने लावली. त्याच नजरेने मी आपल्या तालुक्याकडे पाहिले, तेव्हा तीन वस्तू डोळ्यांसमोर आल्या : पाण्याचे एक टाके, तांब्याचा एक पैसा आणि एक दोर.

भाज्याचे टाके

कार्ला आणि भाजे येथे शाळेची सहल गेली नाही अशी आपली एकही तुकडी नसेल. चैत्याची उंच कमान आणि कार्ल्याच्या छताच्या लाकडी फासळ्या सर्वांना आठवत असतील. भाज्याला लेण्यांच्या रांगेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतील एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत याने हे टाके, म्हणजे तेव्हाच्या भाषेतली ‘पोढी’, दान दिले, एवढाच त्याचा आशय. अशा दानाला तेव्हा ‘देयधम’ म्हणत. हे सारे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे.

आपल्याकडे पाऊस किती पडतो हे मावळच्या माणसाला सांगायला नको. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरच्या वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. अशा मुलखात कातळातले टाके ही फार विचारपूर्वक दिलेली भेट आहे. देणाऱ्याला हा मुलूख माहीत होता.

कार्ल्याचा चैत्य म्हणजे तर सामुदायिक कामाची नोंदवहीच आहे. खांबाखांबावर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, व्यापाऱ्यांचे एक अख्खे गाव आहे. दाराच्या कामात सिंहदत नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि सामी नावाचा सुतार यांची नावे येतात. एवढा मोठा चैत्य खोदताना ज्याला जे झेपले ते त्याने दिले, कोणी खांब, कोणी दार. कार्ल्याच्याच लेखांत ‘मामाल’ हा प्रदेश येतो, तो आपला मावळ. म्हणजे आपल्या तालुक्याचे नाव जिथे पहिल्यांदा वाचायला मिळते, तिथेच वाटून घेतलेल्या कामाचीही नोंद आहे.

तळेगावचा पैसा

आता मध्ये अनेक शतके सोडून थेट विसाव्या शतकात येऊ. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती आणि घाटाखालचे जग मावळाच्या दारात आले होते. स्वदेशीच्या त्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना मांडली : प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले. कार्यकर्ते गावोगाव फिरून पैसा पैसा गोळा करू लागले आणि ‘पैसा फंड’ हे नाव महाराष्ट्रभर झाले.

या कल्पनेमागचा हिशेब मला मोठा वाटतो. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक हजार रुपये जमवायचे तर चौसष्ट हजार माणसांपर्यंत पोहोचावे लागे. एखाद्या संस्थानिकाकडून किंवा शेठजींकडून हजार रुपये एका भेटीत मिळाले असते. पण मग त्या चौसष्ट हजार जणांना हे काम आपले वाटले नसते. पैसा फंडाची खरी मिळकत ती होती. शिवाय पैसा वर्षातून एकदा द्यायचा होता, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा दारात जावे लागे, पुन्हा बोलणे होई, गेल्या वर्षीच्या पैशाचे काय झाले हे सांगावे लागे.

या निधीतून १९०८ मध्ये आपल्या तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. दिव्यांच्या चिमण्या, बाटल्या, बांगड्या अशी काच तेव्हा मोठ्या प्रमाणावर परदेशातून येई. परदेशात काचकामाचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे सुरुवातीचे तज्ज्ञ म्हणून इथे आले. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले, तरी कारखाना चालू राहिला. त्याचे दुसरे काम होते शिकवण्याचे. तळेगावात काच फुंकायला शिकलेले कारागीर देशात इतरत्र गेले आणि तिथल्या काचधंद्याला हातभार लागला.

त्याच सुमारास प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तळेगावात होते. राष्ट्रीय शिक्षण देणारी ही शाळा सरकारने १९१० मध्ये बंद पाडली. एकाच गावात लोकवर्गणीचा कारखाना आणि ध्येयवादी शिक्षकांची शाळा, हे चित्र मावळच्या इतिहासात गडकिल्ल्यांइतकेच ठळकपणे सांगायला हवे असे मला वाटते.

लोणावळ्याचा दोर

तिसरी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत मावळच्या इतिहासात आली. आपण शाळेत होतो तेव्हा भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी गर्दी असे, पण आजच्यासारखी नसे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले ते धरण. पुढे २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मुंबई आणि पुणे दोन्ही जवळ आले आणि मावळातले डोंगर, धबधबे, धरणे शनिवार-रविवारची ठिकाणे झाली. येणाऱ्याला ओढ्याचे पाणी किती वेळात चढते हे ठाऊक नसते. नागफणीच्या कड्यावर धुके उतरले की वाट कुठे संपते हेही ठाऊक नसते.

अशा वेळी दोर घेऊन निघणारी मंडळी म्हणजे लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था. गिर्यारोहणाच्या आवडीतून एकत्र आलेली, नोकरीधंदा सांभाळून हे काम करणारी ही स्थानिक माणसे आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा शोधकार्यात नौदलाच्या पाणबुड्यांबरोबर शिवदुर्गचे स्वयंसेवक होते. १५ जून २०२५ रोजी, पुन्हा एका रविवारी, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासच्या आसपास माणसे जखमी झाली. गावकरी, शिवदुर्ग, वन्यजीव रक्षक मावळ संस्था आणि सरकारी पथके यांनी मिळून माणसांना बाहेर काढले.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच तालुक्यात, सुदुंबरे येथे आहे. याहून मोठे साधन कुठल्या तालुक्याजवळ असेल? तरीही बोलावणे जाईपर्यंत, गाड्या निघून रस्त्याच्या गर्दीतून पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तो स्थानिक माणसालाच सांभाळावा लागतो. कुठल्या वाडीतून कड्याच्या पायथ्याशी लवकर जाता येते, पूर आलेला ओढा कुठे ओलांडता येतो, हे नकाशात नीट सापडत नाही.

या कामाला माणसेही खूप लागतात. डोंगरातून जखमीला स्ट्रेचरवर आणायचे तर एका वेळी सहा जण हात लावतात, थोड्या अंतरावर हात बदलावे लागतात, पुढे वाट दाखवायला एक आणि मागे सामान घेऊन दोघे-तिघे. खाली रुग्णवाहिका उभी करून ठेवणारा वेगळा, जखमीच्या घरच्यांशी फोनवर बोलणारा वेगळा. टीव्हीवर कड्यावरून उतरणारा एकच माणूस दिसतो. त्याच्यामागे पंधरा-वीस जणांचे काम असते आणि त्यातल्या निम्म्या कामांना कडा चढता येण्याची गरज नसते.

आपण कुठे आहोत?

इथे आपल्या पिढीविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळ जण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडलो. कोणी हिंजवडीला, कोणी बेंगळुरूला, कोणी साता समुद्रापार. राजमाचीची वाट, विसापूरची घळ, तुंग-तिकोन्याखालच्या वाड्या ज्यांना पाठ होत्या ते बाहेर गेले आणि दर आठवड्याला हजारोंनी इथे येतात त्यांना यातले काहीच माहीत नाही. मावळापुढचा आजचा प्रश्न मला असा दिसतो. जी मंडळी मागे राहिली, त्यांच्यावर दुहेरी भार पडला आहे. गावातल्या म्हाताऱ्या आईवडिलांना रात्री दवाखान्यात नेणारे तेच, आणि पर्यटकासाठी पावसात दरीत उतरणारेही तेच. त्या म्हाताऱ्या आईवडिलांपैकी काही आपले आहेत.

उपकाराची फेड वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही. पैसा फंडाच्या हिशेबाने प्रत्येकाचा वाटा किती लहान असू शकतो, तेवढे मांडते.

पहिले, प्रशिक्षण. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यापर्यंत वाढली. बारा दिवसांचे प्रशिक्षण, सोबत साहित्याचा संच, अशी तिची रचना. वयाची मर्यादा १८ ते ४० असल्याने आपल्यातले बहुतेक त्यातून बाद. पण आपली मुले आणि भाचरे त्या वयात आहेत. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करता येते. प्रथमोपचार शिकायला मात्र वयाची अट नाही.

दुसरे, रस्ता. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस-कोर्टाचे शुक्लकाष्ठ मागे लागते, ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. एवढे तीन मुद्दे आपल्या वाडीत, सोसायटीत, बचत गटात सांगणे हेही काम आहे.

तिसरे, वारसा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आपला लोहगड आहे. ‘लोहगड-विसापूर विकास मंच’सारखी संस्था गडांसाठी काम करते आहे. एक लक्षात ठेवावे : लोहगड, कार्ला, भाजे ही भारतीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्थळे आहेत. तिथे स्वतःच्या उत्साहाने सिमेंट लावायचे नसते, दगड हलवायचे नसतात. कचरा उचलणे, आलेल्या माणसाला दोन शब्द नीट सांगणे, पावसाळ्यात धोक्याच्या जागी उभे राहून अडवणे, हे करता येते आणि त्याची गरजही आहे.

चौथे, जे दूर आहेत त्यांच्यासाठी. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, हिशेबनीस आहेत, माझ्यासारखे संगणकवाले आहेत. रक्तगटांची यादी अद्ययावत ठेवणे, गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आठवड्यातून एकदा फोन करणे, संस्थांचे लेखापरीक्षण करून देणे, ही कामे घरबसल्या होतात. माझ्या अनुभवात यादी तयार करणे सोपे असते, ती खरी ठेवणे अवघड. माणसे नंबर बदलतात, गाव बदलतात. सहा महिन्यांनी यादीवरून हात फिरवणारा एक जण ठरला नाही, तर ऐन वेळी ती उपयोगी पडत नाही.

आणि पैसे देणाऱ्यांसाठी दोराची गोष्ट. गिर्यारोहणाचा दोर कितीही जपला तरी त्याला वय असते. ऊन, चिखल, घर्षण आणि ताण यांनी तो आतून झिजतो. दिसायला चांगला असला तरी ठरावीक काळानंतर तो वापरातून काढावाच लागतो, कारण त्याला माणूस लटकलेला असतो. म्हणून एकदाच मोठी देणगी देऊन फोटो काढण्यापेक्षा दरवर्षी ठरलेली छोटी रक्कम देणे बचाव पथकाला अधिक उपयोगी पडते. नवा दोर एकदा लागत नाही, पुन्हा पुन्हा लागतो. अंताजी काळ्यांनी वर्षाला एक पैसा मागितला होता, तो असाच हिशेब होता.

माझी एक सूचना आहे. या स्नेहमेळाव्यात जेवणाच्या मंडपाजवळ एक वही ठेवावी. आपले नाव, गाव, रक्तगट, आपल्याला काय येते आणि महिन्यातून किती तास देता येतील, एवढे प्रत्येकाने लिहावे. अर्धा तास असेल तर अर्धा तास लिहावा. दर सहा महिन्यांनी ती वही खरी ठेवण्याचे काम मी अंगावर घेते. जून उजाडण्याआधी आपल्या तुकड्यांतून निदान प्रथमोपचाराचा एक वर्ग भरेल, इतकी नावे त्यात यावीत.