प्रकाशविघटन, नैसर्गिक जलातील

सूर्यप्रकाशाने पाण्यातील प्रदूषकांचे रेणू तुटण्याची क्रिया. सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या तरंगांना वातावरणातील ओझोन अडवतो. त्यापुढचे अतिनील व दृश्य किरण पाण्यात पोहोचतात. प्रदूषकाने स्वतः प्रकाश शोषला, तर विघटन प्रत्यक्ष होते. वेदनाशामक डायक्लोफिनॅक याचे ठळक उदाहरण. तळ्याच्या पृष्ठभागी ते उन्हात झपाट्याने विघटित होते. अप्रत्यक्ष विघटनात कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्यूमिक द्रव्ये किंवा नायट्रेट प्रकाश शोषतात आणि हायड्रॉक्सिल मूलक, सिंगलेट ऑक्सिजन असे अल्पायुषी, आक्रमक घटक निर्माण करतात. गंमत अशी, की हीच ह्यूमिक द्रव्ये पाणी तपकिरी करून खालच्या थरांचे ऊन अडवतात.

उदाहरणार्थ, गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. येथील मामा (माजी मालगुजारी) तलाव उथळ असल्याने निवळ पाण्यात किरण खोलवर शिरू शकतात. पावसाळ्यात मात्र गढूळपणा व ढग यांमुळे, तर एरवी जलपर्णीच्या सावलीने ही क्रिया मंदावते. गाळात रुतलेल्या कीटकनाशकापर्यंत ऊन पोहोचतच नाही. विघटन म्हणजे शुद्धीकरण नव्हे: साबणांतील ट्रायक्लोसनपासून प्रकाशामुळे एक डायॉक्सिन संयुगही तयार होते.