एआय एजंटच्या हाती ‘डिलीट’: गेमचा प्रोजेक्ट सुरक्षित कसा ठेवतात?

‘या लेव्हलमधली न वापरलेली टेक्स्चर्स काढून टाक.’ गेम डेव्हलपरने चॅटमध्ये एवढे लिहिले की एआय एजंट आता थेट गेम इंजिनमध्ये शिरून ते काम करू शकतो. युनिटी, अनरिअल, गोडो, ब्लेंडर अशा सॉफ्टवेअरला एजंट जोडणारे सर्व्हर सहज मिळतात. त्यातले बरेचसे एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरतात. अँथ्रॉपिक कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. सर्व्हर एजंटला टूल्सची यादी देतो: सीन वाचणे, ऑब्जेक्ट तयार करणे, फाइल हटवणे. कोणते टूल कधी चालवायचे, हे एजंट ठरवतो.

कंट्रोल झेड आहे ना?

आहे, पण अर्धेच. युनिटीत सीनमधला ऑब्जेक्ट उडाला तर अनडू करून परत आणता येतो. प्रोजेक्टमधली फाइल डिलीट केली तर नाही. युनिटी तसा इशारा देते, पण तो माऊसने काम करणाऱ्या माणसासाठी. स्क्रिप्टमधून आलेला डिलीटचा आदेश विचारणा न होताच पार पडतो.

शिवाय धोका फक्त डिलीटमध्ये नाही. युनिटी प्रत्येक फाइलसोबत एक छोटी मेटा फाइल ठेवते आणि तिच्यात त्या फाइलचा ओळख क्रमांक असतो. एजंटने टर्मिनलमधून टेक्स्चर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले आणि मेटा फाइल मागेच राहिली, तर युनिटी त्याला नवा क्रमांक देते. जुन्या क्रमांकावर विसंबलेली मटेरिअल्स पोरकी होतात. डिलीट काहीच झाले नाही, नुकसान मात्र झाले. उलट कित्येक जीबींचे ‘लायब्ररी’ फोल्डर उडाले तरी युनिटी ते पुन्हा तयार करते. फक्त वेळ जातो. कोणते टूल विध्वंसक, हे त्याच्या नावावरून कळत नाही ते असे.

लेबल म्हणजे कुलूप नव्हे

एमसीपीत टूलवर ‘फक्त वाचणारे’ किंवा ‘विध्वंसक’ अशी खूण करता येते. खूणच नसेल तर टूल विध्वंसक असू शकते असे धरायचे, हा नियम शहाणपणाचा आहे. पण ही खूण सर्व्हर लिहिणाराच लावतो. अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, असे प्रोटोकॉलच सांगतो.

सगळ्यात मोठी फट वेगळीच आहे. ब्लेंडरच्या लोकप्रिय एमसीपी सर्व्हरमध्ये एजंटला हवा तो पायथन कोड चालवू देणारे टूल आहे. असे टूल चालू ठेवून ‘फाइल हटवणे’ बंद करणे म्हणजे पुढच्या दाराला कडी आणि मागचे दार सताड उघडे.

‘काही बदलू नकोस’ असे सांगून ठेवणेही पुरत नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटने अशी सूचना असतानाही एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. ते गेमचे काम नव्हते, पण त्यावरचा उपाय बोलका आहे. कंपनीने माफी मागितली आणि चाचणीचा व खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणली.

मग करतात काय?

लागत नसलेले टूल एजंटला मुळात देतच नाहीत. वाचणाऱ्या टूल्सना मोकळीक आणि फायली हटवण्याआधी विचारणा, ही विभागणी सोयीची पडते. प्रत्येक बारीक गोष्टीला परवानगी मागितली की माणूस न वाचताच ‘हो’ दाबू लागतो. विचारणा करताना कोणत्या फायली जाणार आणि त्या कुठे वापरल्या आहेत, ही यादी दिसली तर तिला अर्थ आहे. सर्व्हर लिहिणाऱ्याच्या हातातही बरेच असते. युनिटीत कायमचे डिलीट करणारी आणि कचरापेटीत टाकणारी, अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. एजंटला दुसरी द्यावी.

अनेक मोठे स्टुडिओ फायलींचा इतिहास परफोर्समध्ये ठेवतात. तिथे ‘ओपन’ पातळीची परवानगी असलेला वापरकर्ता फायली बदलू शकतो, तपासणीसाठी बाजूला ठेवू शकतो, पण मुख्य साठ्यात सबमिट करू शकत नाही. एजंटसाठी ही पातळी नेमकी आहे. इतिहासासकट फाइल पुसणाऱ्या ‘ऑब्लिटरेट’ कमांडला तर अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, आणि तरीही ती आधी काय पुसले जाईल एवढेच दाखवते. खरोखर पुसायला वेगळा पर्याय जोडावा लागतो. ही सोय एआय येण्याच्या कितीतरी आधीची, माणसांच्या चुका ओळखून केलेली आहे.

गिट वापरणारे एजंटला वेगळ्या ब्रँचवर, शक्यतो प्रोजेक्टच्या वेगळ्या प्रतीत काम देतात आणि सुरू करण्याआधी कमिट करतात. गिट कमिट केलेलेच परत देऊ शकते. सकाळपासून नुसती सेव्ह करत ठेवलेली लेव्हल त्याच्याकडे नसते.