सुरकुतीवरचे दोन उपाय

रोमन सम्राट नीरोची पत्नी पॉपिया जाईल तिथे ५०० गाढविणी सोबत नेई व त्यांच्या दुधाने अंघोळ करी, असे प्लिनी लिहितो. मला त्यात निव्वळ थाट दिसत नाही. आंबलेल्या दुधातले लॅक्टिक आम्ल मृत त्वचा सैल करते. (दूध ताजे असल्यास मात्र थाटच!) १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू यांनी अशाच आम्लांवर संशोधन प्रसिद्ध केले.

बोटॉक्सचे कूळ निराळे. १९८७ मध्ये व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीवर हे विष टोचत; एका रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्याच त्याने मावळल्या. ‘दोहोंत सरस कोणते?’ हा प्रश्न म्हणूनच मला फोल वाटतो. आम्ल उन्हाने रापलेल्या कातडीवर काम करते, विष आठी पाडणाऱ्या स्नायूवर; तेही तीन-चार महिनेच.