झरीचा भाव, बोर्डीचे चिंचोके
डहाणू-तलासरीच्या इतिहासात 1945 हे वारली आदिवासींच्या उठावाचं साल. 23 मे रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकर या कार्यकर्त्या दांपत्याच्या पुढाकाराने हजारो वारली जमले. वेठबिगार करायची नाही, लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून राबायचं नाही, बारा आण्यांहून कमी रोज घ्यायचा नाही, असं तिथे ठरलं. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंडांना अडीच रुपये. त्याच वर्षी, झरीपासून फार लांब नसलेल्या बोर्डीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. एकीकडे लढा, दुसरीकडे बालवाडी. दोन्ही कामांच्या वाटा वेगळ्या होत्या. तरीही मला ती शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात, कारण दोन्हींनी एक गोष्ट गृहीत धरली होती: पाड्यावरच्या माणसाला मोजता येतं.

वारल्याला हिशेब कळत नव्हता म्हणून सावकाराचं फावलं, असं अजूनही सहज म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. लग्नासाठी उचललेल्या रकमेपायी माणूस आयुष्यभर राबायचा, ते त्याला आकडे कळत नव्हते म्हणून नव्हे. वही आणि काठी दोन्ही मालकाच्या हातात होती म्हणून. गुरं राखणारं पोर संध्याकाळी एक वासरू कमी आहे हे लगेच सांगतं, मग त्याला शंभरापर्यंत म्हणता येवो न येवो. ताराबाईंनी मुलांजवळचं हे ज्ञान ओळखलं. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला घडलेल्या आणि 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचं काम उभारणाऱ्या या बाईंना मॉंटेसरीची लाकडी साधनं नीट ठाऊक होती. बोर्डीत मात्र शिंपले, चिंचोक्यांसारख्या बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. पुढे जवळच्याच कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरली.

शिंपले-बियांची साधनं ही गरिबीपोटी केलेली तडजोड होती, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. मॉंटेसरीच्या ठोकळ्यातला दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एखादा दट्ट्या बसायचा राहतो, म्हणजे चूक साधनच दाखवतं. लहानमोठी पानं क्रमाने लावताना चुकलं तर पान काही बोलत नाही. तिथे शेजारी बसून पाहणारी जाणती बाई लागते. म्हणूनच बालसेविकांचं प्रशिक्षण हा या कामाचा कणा ठरला. दुसरा आक्षेप पालकांचा: खेळ कसला, पाढे शिकवा. पाढ्यांना मी कमी लेखत नाही. पावकी-निमकीच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या बाजार चालला. पण सागरगोटे खेळणारी मुलगी पाहा. एक गोटा वर उडवून खालचे चार ती आधी एकेक उचलते, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एका झटक्यात. चार किती प्रकारांनी फुटतात हे तिच्या बोटांनी जाणलं, तेही वरचा गोटा खाली यायच्या आत. हा अनुभव नसताना ‘दोन दुणे चार’ म्हणणारं मूल फक्त आवाज लक्षात ठेवतं.

अंगणवाडी हे नाव 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. नाव पोचलं, पण चिंचोके बऱ्याच ठिकाणी मागेच राहिले आणि भिंतीवर आकड्यांचे तक्ते आले. तुमच्या गावच्या अंगणवाडीत कधी गेलात, तर पोरांना आकडे म्हणून दाखवायला सांगू नका. मूठभर बिया त्यांच्यापुढे ठेवा आणि सगळ्यांना सारख्या वाटायला सांगा.