पांढरी कुणाची?

आमच्या गल्लीत घरावरून भांडण लागलं आहे. घर आमचंच आहे. गावाचं नाव लिहीत नाही. भांडण अजून मिटलेलं नाही, अन् माणसं रोज समोरासमोर येतात. पांझरेच्या काठचं, धुळ्याहून एसटीनं तासाभराचं गाव, एवढं समजा.

वेशीतून बाहेर पडलं की डाव्या हाताला आमची वस्ती. पहिलंच घर आमचं. मातीच्या भिंती, वर धाबं. पावसाळ्यात तीन ठिकाणी घमेली ठेवावी लागतात. रमाई आवासमधून घरकुल मंजूर झालं. धाकटा भाऊ सुरतेला कामाला आहे. त्याच्या साठवलेल्या पैशातून वर एक खोली काढायची ठरली. विटा येऊन पडल्या, अन् ग्रामपंचायतीत अर्जही येऊन पडला.

अर्ज वाड्यातल्या अण्णांचा. अण्णा वाईट माणूस नाहीत. माझ्या बापाला रात्री दवाखान्यात न्यायला त्यांनीच गाडी दिली होती. अर्जात शिवी नाही, जातीचा शब्द नाही. एवढंच लिहिलं आहे की वेशीला लागून दुमजली स्लॅब झाला तर गावाच्या ऐतिहासिक वेशीची शोभा जाईल, तरी परवानगी देऊ नये.

दुसरा विरोध घरातूनच आला. फुई, म्हणजे माझी आत्या. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, शेजारच्या खणात राहते. मधली भिंत दोघांची. तिनं भिंतीला पाठ लावली अन् म्हणाली, "मी हाई भित पाडू देवाव नही. मना बापनी काठी शे तीमा."

दोस्तांनो, मी इतिहासाचा मास्तर नाही. पण 'ऐतिहासिक' हा शब्द आपल्या घराविरुद्ध कुणी वापरला की इतिहास उघडून बघावा लागतो. म्हणून मी बघितला. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो. असा अर्ज तुमच्याही गावात पडणार आहे.

पहिली गोष्ट वेशीची. ही वेस राखत कोण होतं? येसकर. माझा आजा येसकर होता. रात्री दरवाजा लावायचा अन् स्वतः दरवाजाच्या बाहेर झोपायचा. गावाचा निरोप न्यायचा, मेल्याची खबर न्यायचा, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचा. बदल्यात काय, तर भाकरी अन् बलुतं. ज्या वेशीचा वारसा आज सांगतात, ती राखणाऱ्याचं घर मात्र त्या वारशात बसत नाही. ते वारशाला लागलेला डाग ठरतं.

बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी लिखाणात गावाचा हा न लिहिलेला कायदा कलमवार मांडून ठेवला आहे. अस्पृश्यांची वस्ती वेगळी पाहिजे. ती दक्षिणेला पाहिजे, कारण दक्षिण दिशा अशुभ. जमीन-जनावरं बाळगणं हा गुन्हा. आणि कौलारू घर बांधणं हाही गुन्हा! म्हणजे छपराला सुद्धा जात होती. आमच्या गावात कौलाचा रिवाज कमी. खांब, तुळया, वर काड्या-तुराट्यांचा थर, त्यावर खारी माती, असं धाबं वाड्यालाही अन् आम्हालाही. फरक लाकडात अन् उंचीत. वाड्याला साग, आम्हाला बाभूळ-निंब. वाड्याला माडी, आम्हाला वाकून शिरायचं दार. तेव्हा 'शोभा' हा शब्द आला की मी उंची मोजतो. कुणाचं घर कुणाच्या घरापेक्षा खाली असलं म्हणजे गाव शोभतं?

दुसरी गोष्ट धुळ्याची. आपण धुळ्याच्या जुन्या पेठेचं कौतुक ऐकतो. सरळ रस्ते, लाकडी कोरीव वाडे. ही पेठ कधीची? १८१८ साली पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला अधिकारी. त्यानं कारभाराचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. १८१९ मध्ये धुळ्यात घरं होती ४०१ अन् माणसं २,५०९. म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं गाव. ब्रिग्जनं लांबलांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बोलावलं. घर बांधायला जागा दिली ती बिनभाड्याची, अन् कायमची. वर पक्की घरं बांधायला सरकारातून उचल दिली, जुन्या रहिवाशांना अन् नव्यानं आलेल्यांनाही. १८७२ साली धुळ्यात घरं झाली २,६२० अन् वस्ती १२,४८९. हे सगळं सरकारी गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे. तिथंच असंही लिहिलं आहे की जुन्या धुळ्यातली घरं वाकडीतिकडी अन् बहुतेक गरिबाची होती.

आता नीट बघा. जागा फुकट, बांधायला सरकारी पैसा. ही त्या काळातली घरकुल योजनाच झाली की! ती सावकारांना अन् व्यापाऱ्यांना मिळाली तेव्हा तिचं नाव झालं 'नगररचना'. दोनशे वर्षं लोटली अन् तिचं नाव झालं 'वारसा'. तीच गोष्ट आम्हाला २६९ चौरस फुटांना मिळाली तर तिचं नाव काय? 'फुकटचं'. 'सरकारचे जावई'. अन् आता नवं नाव, 'शोभा घालवणारं'.

पारोळ्याचंही तेच. पन्नास घरांचं खेडं होतं. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी त्याची तटबंदीची पेठ केली, अन् १७२७ च्या सुमारास किल्ला बांधला असं सांगतात. त्या पन्नास घरांना कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्या जुन्या खेड्याची शोभा जाते का?

तिसरी गोष्ट पुराची. १८७२ सालीच पांझरेला मोठा पूर आला. एकट्या धुळ्यात ५०० घरं वाहून गेली. नदीकाठची एक आख्खी गल्ली नाहीशी झाली. गिरणा-पांझरेच्या काठची १५२ गावं सापडली, सोळा लाखांवर नुकसान झालं, हजारावर माणसं महिनाभर धर्मादाय अन्नावर जगली. पुढं लोकांनी पुन्हा घरं बांधली. पडलेल्या माणसानं घर बांधणं याला जगात कुठंच परवानगीचं कारण विचारत नाहीत. आमचं घर पुरात वाहिलं नाही, एवढंच. ते दर पावसाळ्यात थोडं थोडं वाहतं.

चौथी गोष्ट चाळीसगावची. ही प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. १९२९ चा ऑक्टोबर. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले. धुळ्याजवळच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी केली. परत मुंबईला जाताना चाळीसगाव स्टेशनवर लोकांनी आग्रह केला, रात्र इथंच काढा. स्टेशन इकडं, महारवाडा लांब, मध्ये नदी. टांगेवाला महाराला घेऊन हाकायला तयार होईना, त्याला कमीपणा वाटला. शेवटी टांगा भाड्यानं घेतला अन् आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीशी टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा अन् टांगा नदीत पडला. पाय मोडला. बॅरिस्टर माणूस, कौन्सिलचा सभासद. बाबासाहेबांनी स्वतःच हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिलं आहे, अन् हाकणाऱ्या माणसाला दोष दिलेला नाही.

मी ही गोष्ट घराच्या भांडणात का आणतो? कारण तो पाय घोड्यानं मोडला नाही. घरं कुठं बांधायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी तो मोडला. घर लांब टाकलं की रस्ता लांबतो, रस्त्यावर टांगा लागतो, टांग्याला जात लागते. नुसत्या जागेवरून माणसाची किंमत ठरते.

पाचवी गोष्ट आपल्या सुटकेची. १९५६ ला धम्म घेतला. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं रद्द झाली, १ ऑगस्ट १९५९ पासून अंमल झाला. त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात खानदेशही उतरला. फुई सांगते, आज्यानं येसकरकी सोडली, घुंगराची काठी चावडीवर परत द्यायला गेला, तर कुणी हातात घेईना. "तुझी तूच ठेव, उद्या लागंल." तेव्हा आजा घरी आला. घर बांधणं चालू होतं. त्यानं ती काठी भिंतीत घातली अन् वरून माती थापली. म्हणाला, आता काढून दाखवा.

फुई सांगेस्तोवर मला हे माहीत नव्हतं. बापानं कधी सांगितलं नाही. ज्या भिंतीला मी 'जुनाट' म्हणत होतो, ती आमच्या घरातला सगळ्यात मोठा कागद आहे.

म्हणजे दोस्तांनो, पेच असा आहे. अण्णा म्हणतात जुनं राखा. त्यांना मी उत्तर देऊ शकतो. फुई म्हणते जुनं राख. तिला काय उत्तर देऊ?

आपल्याला जुन्या वास्तूचा राग नाही. धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी बाबासाहेब १९३७ च्या जुलैत आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्काम केला. ३१ जुलैला तिथं माणूस माणसाला ओळखत नाही एवढी गर्दी होते. त्या बंगल्याची एक वीट कुणी हलवली तर आपण रस्त्यावर येऊ. कायद्यानं राखलेल्या वास्तूबद्दलही माझं भांडण नाही. साक्री तालुक्यात बळसाण्याची मंदिरं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. अशा ठिकाणी २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते. तो नियम वाड्यालाही अन् झोपडीलाही. आमची वेस त्या यादीत नाही. अन् अण्णांच्या पुतण्यानं वेशीच्या आतल्या बाजूला शटरची तीन दुकानं काढली, तेव्हा शोभेचा अर्ज कुणी केला नव्हता. नियम असेल तर दोन्ही बाजूंना असू द्या.

पण आपल्या आपल्यातही हे भांडण होतं, ते लपवू नका. दादरच्या आंबेडकर भवनाचं आठवा. बाबासाहेबांची जागा, तिथं बुद्धभूषण प्रेस. एक बाजू म्हणाली, इमारत मोडकळीला आली, नवी सतरा मजली बांधू. दुसरी म्हणाली, हा आपला इतिहास आहे. अन् २५ जून २०१६ च्या पहाटे ते पाडलं गेलं. १९ जुलैला मुंबईत केवढा मोर्चा निघाला! दोन्हीकडं जय भीम म्हणणारीच माणसं होती. नवं पाहिजे की जुनं, यावर मतं दोन असू शकतात. पण झोपलेल्या वस्तीत यंत्र घालून मत सिद्ध होत नाही. यातून मी एवढंच शिकलो की पाडण्याआधी बोललं पाहिजे, अन् बोलण्याआधी लिहून ठेवलं पाहिजे.

लिहून ठेवण्याचं महत्त्व धुळ्याला कोण सांगणार? राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव वाड्यांतून दप्तरं गोळा केली. वाड्याचा इतिहास रुमालात बांधलेला होता, तो सुटला. आमचा इतिहास भिंतीत गाडलेला आहे. तो जेसीबीनं निघत नाही, हातानं काढावा लागतो.

आता पांढरीबद्दल सांगतो. शेताची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. ती पांढरी का होते? राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचते म्हणून. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे, या ठिकाणी १९५० च्या दशकात उत्खनन झालं. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्त्या निघाल्या, थरावर थर. प्रत्येक थर म्हणजे पडलेल्या घरावर बांधलेलं नवं घर. नवं घर बांधू न देणं हा पांढरीचा वारसाच नाही. पांढरी तयारच नव्या घरांनी होते. फक्त आपला थर त्यात मोजला जावा, एवढीच लढाई आहे.

अर्ज ग्रामसभेपुढे यायचा आहे. मी तिथं तीन गोष्टी मांडणार आहे. एक, आमच्याकडे नमुना आठचा उतारा आहे, घरकुलाची मंजुरी आहे. बांधकाम होणार, वरची खोलीही होणार. दोन, वेशीपासून किती जागा सोडायची ते ग्रामसभेनं ठरवावं, पण तोच फूटपट्टीचा माप आतल्या दुकानांनाही लावावा. तीन, वेशीवर पाटी लावायची असेल तर तिच्यावर वेस बांधणाऱ्याबरोबर वेस राखणाऱ्यांचीही नावं पाहिजेत. मला चार पिढ्यांची पाठ आहेत. अण्णांनी त्यांच्या दप्तरातली काढावीत.

अन् फुईला मी शब्द दिला आहे. जेसीबी येणार नाही. भाऊ दिवाळीला सुरतेहून आला की आम्ही दोघं भिंत हातानं उतरवू, वरून खाली, ढेकूळ ढेकूळ. पोरं वहीत लिहितील: घर किती खणांचं, लाकूड कुठलं, कोणत्या साली कुणी बांधलं. फुई खाटेवर बसून सांगणार आहे. काठी निघाली तर विहारात ठेवू. वाळवीनं खाल्ली असली तर तेही वहीत लिहू.

तुमच्या गावात घर पाडायच्या आधी तुम्हीही एक वही घ्या. जय भीम.