पाठमोरे फादर

साल 1955. विरारहून आगाशीच्या बाजूला, केळीच्या बागा ओलांडून तुम्ही नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चमध्ये शिरता. रविवारची मिस्सा चालू आहे. वेदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या फादरांची तुम्हाला फक्त पाठ दिसते. ‘दोमिनुस वोबिस्कुम,’ ते लॅटिनमध्ये म्हणतात; उत्तर वेदीवरची पोरं देतात, घोकलेल्या पाढ्यासारखं. शेजारी लाल लुगड्यातली आजी तेर्सचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढतेय, ओठ पुटपुटताहेत. तिची प्रार्थना वेगळी, फादरांची वेगळी. छोटी घंटी किणकिणते तशी तिची बोटं मण्यावरच थबकतात, मान लवते. लॅटिनचा एक शब्द न कळता मिस्सा कुठवर आली हे तिला बरोबर ठाऊक असतं.

आणखी मागे चला. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1573 मध्ये नंदाखालचं हे धर्मग्राम उभं राहिलं. मे 1739 मध्ये तुम्ही इथल्याच एखाद्या वाडीत आहात. दक्षिणेकडे, वसईच्या किल्ल्यावर चिमाजीअप्पांच्या तोफा धडधडताहेत. मग एके दिवशी त्या गप्प होतात. किल्ल्यातली चर्च ओस पडतात, घंटा मराठे घेऊन जातात. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेली आहे. फिरंगी गेला, लॅटिन मात्र राहिलं. गोव्याचे देशी पाद्री तीच मिस्सा तशीच म्हणत राहिले. राज्य बदलायला एक वेढा पुरला. प्रार्थनेच्या भाषेला आणखी सव्वादोनशे वर्षं लागली.

4 डिसेंबर 1963 रोजी रोममध्ये भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेनं उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्यानंतरच्या एका रविवारी तुम्ही पुन्हा त्याच आजीशेजारी बसता. फादर चक्क समोर तोंड करून उभे, आणि बोलताहेत मराठी! आजीची पंचाईत होते: आता तेर्स म्हणायची कधी? शिवाय ही मराठी छापील, तिच्या ओट्यावरची कादोडी बोली नव्हे. पण कळते. कळली की उत्तर द्यावं लागतं. आजी घसा खाकरते.

25 जुलै 2024. आषाढ. चर्चच्या आवारात छत्र्याच छत्र्या. याच गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी 1983 ते 2007 सांभाळलं, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लॅटिन मिस्सेत वाढलेला हा मुलगा! आज त्यांना निरोप दिला जातोय तो मराठीत.

दाराशी दोन बाया छत्र्या मिटता मिटता कादोडीत बोलताहेत, पावसाबद्दल, उशीर झाल्याबद्दल. उंबरा ओलांडतात, बाकावर सरकून बसतात, आणि पुढच्या प्रार्थनेचं उत्तर छापील मराठीत देतात.