कुलवृत्तान्तातील लेकी-सुना

आपले मूळ गाव कोणते, आपला मूळ पुरुष कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघर विचारला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा कोणा काका-आजोबांपाशी तयार असते. पण आपल्या घराण्यातील मूळ स्त्री कोण, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. भाषेत 'मूळ पुरुष' हा शब्द आहे. त्याला जोडीचा शब्द नाही. छापील वंशवृक्ष उघडून पाहावा, तर पित्याखाली पुत्र आणि पुत्राखाली नातू अशा फांद्या फुटत गेलेल्या दिसतात. त्या पुत्रांना कोणी जन्म दिला, याची वास्तपुस्त पुष्कळदा नसतेच. भगिनींनो, असे का झाले आणि त्यावर काही उपाय आहे का, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

वंशावळ हा आपल्याकडे पूर्वी हौसेचा विषय नव्हता, तो हक्काचा कागद होता. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, देशपांडेपण अशी वतने पिढीजात चालत. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभेपुढे आपली वंशावळ मांडावी लागे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने जमिनींची चौकशी सुरू केली, तेव्हा इनामदारांनी आपापल्या कैफियती लिहून दिल्या आणि त्यांत वंशावळी जोडल्या. १८७४ साली मुंबई इलाख्यात वतनाचा कायदा झाला. १८८६ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच ठरविले की, शेवटच्या वतनदाराची विधवा वगळता घराण्यातील कोणत्याही स्त्रीचा वारसा पुरुषांच्या मागून धरावा. ज्या कागदावर लेकीला हक्कच सांगावयाचा नाही, त्यावर तिचे नाव लिहावे कशाला? तेव्हा वंशावळीतून स्त्रिया गळाल्या त्या निव्वळ अनादरामुळे नव्हेत. कागद ज्या कामासाठी लिहिला, त्या कामाला त्यांची गरज नव्हती, हेही त्याचे कारण आहे.

जेथे गरज होती, तेथे माहेरही नीट लिहून ठेवलेले आढळते. जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या, अहल्याबाई चौंडीच्या शिंद्यांच्या, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पेशव्यांच्या घरात राधाबाई बर्व्यांच्या, काशीबाई चासकर जोशांच्या, गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या आणि आनंदीबाई गुहागरच्या ओकांच्या. ही माहेरे कळली नाहीत तर त्या काळचे सावकार, सरदार आणि पेशवे यांचे लागेबांधे उमगतच नाहीत. मग जी गोष्ट शनिवारवाड्याला लागू, ती तुमच्या-आमच्या दोन खणी घराला का लागू नसावी? सोयरीक हा प्रत्येक घराच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे.

दुसरी अडचण आपल्या विवाहविधीतली. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहावयाचे, आणि त्या क्षणापासून जुने नाव मिटले! आडनाव तर बदलतेच, पण हाकेचे नावही बदलते. कल्याणच्या जोशांची यमुना गोपाळरावांची आनंदीबाई झाली आणि १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियास डॉक्टर झाली. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांची लक्ष्मीबाई झाली, आणि तांब्यांची मनकर्णिका झाशीची लक्ष्मीबाई. या चौघी थोर म्हणून त्यांची दोन्ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. आनंदीबाईंची गोष्ट तर विलक्षणच. १८८७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थी त्यांना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत गेल्या, आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाची शिळा आजही उभी आहे. परक्या देशातील एका घराने तिला आपल्या कुळात जागा दिली. आपण आपल्या पणज्यांना आपल्याच कुळात तेवढी जागा द्यावयास काय हरकत आहे?

आता शोधाच्या वाटेकडे वळू. ही वाट मोठमोठ्या विद्वानांनी एकट्याने नव्हे, तर हौशी माणसांच्या मदतीने तयार केली आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडले, वाईस मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड त्यांनी छापला, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांना दफ्तरे उघडून देणारे वतनदार, शाळामास्तर, भिक्षुक, कारकून यांची नावे आपल्याला ठाऊक नसतील. पण ती माणसे नसती तर कागद माळ्यावरच कुजले असते. पुढे विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलमंडळे स्थापून कुलवृत्तान्त छापले. पेन्शनीत निघालेला कोणी गृहस्थ पदरचे पैसे घालून शेकडो पत्रे पाठवी, उत्तरे जुळवी आणि शाखांचे तक्ते आखी. या निरपेक्ष माणसांचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

अशा दोन घरच्या शोधकांची गाठ पडली म्हणजे काय घडते, याची एक हकीकत सांगते. आमच्या ओळखीच्या एका भगिनीला आपल्या पणजीचे माहेर शोधावयाचे होते. घरच्या वंशावळीत पणजोबांचे नाव होते, त्यांच्या तीन मुलांची नावे होती, पणजीच्या जागी काहीच नव्हते. घरात एवढेच ऐकिवात होते की ती प्लेगच्या पहिल्या साथीनंतर एकदोन वर्षांत लग्न होऊन आली आणि मानमोडीच्या तापात गेली. म्हणजे लग्न १८९८ च्या सुमाराचे आणि मृत्यू १९१८ चा. एके दिवशी माळ्यावरची भांडी काढताना पितळेच्या एका घागरीवर ठोकलेली अक्षरे दिसली. त्यांत मामाचे आडनाव, गाव आणि शके १८२० एवढे लागले. त्या आडनावाच्या कुलवृत्तान्ताचे काम पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना तिने पत्र घातले. त्यांनी मामाच्या बहिणी कोणत्या घरांत दिल्या ते कळविले. त्यांतल्या एका घराचे मोडी कागद दुसऱ्या एका हौशी वाचकाने लावून दिले. अखेर त्या घरच्या टिपणात एक ओळ मिळाली: मुलीचे माहेरचे नाव आणि पुढे 'दिली' एवढे लिहून आमच्या मैत्रिणीचे गाव. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या घरच्या गृहस्थांनी उत्तरात लिहिले, "या मुलीचे पुढे काय झाले, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नाही. तेवढे आपण कळवावे."

त्या घरच्या वहीत ती लग्नाच्या दिवशी संपत होती. या घरच्या आठवणीत ती लग्नाच्या दिवशी सुरू होत होती. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कोठे एक सबंध बाई उभी राहिली. स्त्रीचे चरित्र एका घराच्या दफ्तरात कधीच पुरे सापडत नाही. म्हणून या कामी दुसऱ्या घराचा शोधक आपला सोबती असावाच लागतो.

स्त्रियांची नावे कोठे मिळतात, त्याची थोडी यादी उपयोगी पडेल. पहिले स्थान घरातील वृद्ध स्त्रिया. त्यांना सन-साल विचारू नये; पानशेतचा पूर आला तेव्हा (१९६१) कोण पाळण्यात होते, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (१९६७) कोण बाळंत होती, बहात्तरच्या दुष्काळात कोणाचे लग्न अडले, असे विचारावे. साल आपोआप निघते. दुसरे स्थान भांड्यांवरची नावे, लग्नात छापलेली मंगलाष्टके, लग्नपत्रिका आणि जन्मपत्रिका. त्यांतील शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. मात्र जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे. तिसरे स्थान श्राद्धविधी. तेथे पित्याच्या तीन पिढ्यांबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचाही उच्चार होतो. छापील वंशवृक्षाने गाळलेली नावे कित्येक घरांत भटजीबोवांच्या टिपणात शाबूत असतात.

चौथे स्थान तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे यात्रेकरूंची गाववार नोंद असते आणि बरोबर आलेल्या आई-बायकोची नावेही पुष्कळदा सापडतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवितात आणि धान्य घेऊन नवी नावे लिहून नेतात. त्यांना पुढच्या खेपेस लेकींचीही नावे सांगण्यास कोण अडविते? पाचवे स्थान सरकारी दप्तर: जन्ममृत्यूच्या नोंदी, गावचे कोतवाल बुक, शाळेचे रजिस्टर. जन्माच्या जुन्या नोंदीत बारशापूर्वी लिहिल्यामुळे नुसतेच 'मुलगी' एवढे आढळते. तेव्हा बापाचे नाव आणि तारीख यांवरून जुळणी करावी. यांतले बरेचसे मोडीत आहे. मोडी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवीत. आता ती जाणणारे थोडे उरले आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम शासनाने हाती घेतले, तेव्हा मोडी वाचकांची वाण किती आहे हे सर्वांनाच कळून आले.

गोव्यातील भगिनींची स्थिती याहून थोडी बरी आहे. तेथील चर्चांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बापाबरोबर आईचेही नाव लिहीत, आणि पणजीचे पुराभिलेखागार तर १५९५ पासूनचे. समुद्रापलीकडे मॉरिशसला १८३४ पासून मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक, बापाचे नाव, गाव, वय! हे सर्व मळेवाल्यांच्या सोयीसाठी होते, दयेपोटी नव्हे. तरीही मजूर म्हणून गेलेल्या स्त्रीचीही त्यामुळे निराळी नोंद झाली, आणि तिचे वंशज आज त्या नोंदीवरून आपले गाव शोधू शकतात. हा दैवयोग म्हणावा!

कोणी म्हणेल, गेलेल्यांची नावे शोधून आज काय पदरात पडणार? पुष्कळ पडणार आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वारस ठरविले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतः हक्क दिला. वडील २००५ साली हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. परंतु वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यापुढे जी वंशावळ मांडली जाते, तीत बहिणीचे नाव घालावयाचे विसरले, की कायद्याने दिलेला हक्क कागदावरून निसटतो आणि मग कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. उद्याच्या शोधकाचे काम यामुळे सोपे होईल. कालच्या आयांची नावे मात्र आपणच मिळविली पाहिजेत.

हे काम करताना काही पथ्ये पाळावीत. ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट वेगळी लिहावी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एकाच नावाची दोन माणसे एक होऊन बसतात, तेव्हा दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्यावाचून फांदी जोडू नये. दत्तक असेल तर जन्मघर आणि दत्तकघर दोन्ही लिहावीत. बालपणीच वारलेल्या, बालविधवा होऊन माहेरी परतलेल्या, पुनर्विवाह केलेल्या, अविवाहित राहिलेल्या, कोणाचेही नाव लाजेने गाळू नये. हयात व्यक्तीची माहिती मात्र तिला विचारल्यावाचून छापू नये. आणि ज्याने मदत केली, त्याला आपल्याकडची माहिती अवश्य पाठवावी. अशा देवघेवीवरच हा सारा व्यवहार चालतो.

आपल्या मंडळात निरनिराळ्या घराण्यांत आलेल्या आणि निरनिराळ्या माहेरांहून आलेल्या एवढ्या भगिनी एकत्र जमतात. कुलमंडळाला जे सहजी साधत नाही ते येथे साधेल, कारण कुलमंडळ एका आडनावाचे असते, आणि महिला मंडळ सर्व आडनावांचे. प्रत्येकीने एक साधी वही करावी. तीत आई, आजी, पणजी, सासू, आजेसासू यांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे, माहेरचे आडनाव, गाव आणि कळेल तेवढे साल लिहावे. कोरी राहिलेली जागा कोरीच ठेवावी, आणि ती वही शेजारणीला दाखवावी. तिच्या आजोळच्या कोणाला तरी ते उत्तर ठाऊक असण्याचा संभव आहे. वृद्ध मंडळी आहेत तोवर हे काम व्हावे, एवढीच विनंती.